वाळीत टाकलेला बापू आणि बहिष्कृत आपण

श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' १९५२ साली आली. सत्तर वर्षं उलटून गेली तरी ती छापली जाते आणि वाचलीही जाते. तिच्यावर नाटक झालं, १९८० साली सिनेमा झाला, काशिनाथ घाणेकरांचा बापू लोकांच्या डोक्यात कायमचा बसला. इयन रेसाइड या इंग्रज अभ्यासकाने ती इंग्रजीत नेली. पुढे पेंडशांनी 'गारंबीची राधा' लिहिली. मराठी प्रादेशिक कादंबरी म्हटलं की पहिल्या दमात जी चार नावं निघतात त्यात गारंबी असतेच. तेव्हा तिला अभिजात म्हणायला आमची हरकत नाही.

हरकत आहे ती पुढच्या वाक्याला. कॉलेजातले प्राध्यापक आणि व्याख्यानमालांतले वक्ते हमखास म्हणतात, 'बापू आजचाही नायक आहे.' एकटा माणूस, समोर सगळा गाव, तरी वाकत नाही. म्हणून तो आजचा. ठीक. पण आज म्हणजे कुणाचा आज? चिपळुणात बहादूरशेख नाक्यावर अर्धा तास उभं राह्यलं तरी तीन-चार निरनिराळे 'आज' डोळ्यांपुढून जातात. गोव्याला निघालेली गाडी जाते. लोट्याच्या कारखान्यातून रातपाळी करून सुटलेला कंत्राटी कामगार जातो. पिशवीत जुने कागद घालून तहसील कचेरीकडे निघालेला म्हातारा जातो. बापू यातल्या कुणाशी बोलतो आणि कुणाशी बोलत नाही, हे बघायला नको?

या लेखात तेवढंच करायचं आहे. पेंडशांना शिव्या घालायच्या नाहीत. शिव्या घालणं सोपं, त्याला पुस्तक वाचावं लागत नाही.

*

आधी जमेची बाजू. ती मोठी आहे आणि आपण ती नाकारण्यात अर्थ नाही.

पेंडसे दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे. तिथली आगरं, पाखाड्या, पायवाटा, पावसाळ्यात कोंडली गेलेली माणसं आणि त्यांची जीभ त्यांना ठाऊक होती. ज्या काळात मराठी कादंबरी शहरातल्या दिवाणखान्यात बसून प्रेमाचे तंटे सोडवत होती त्या काळात त्यांनी तिला गावात आणली. आणि गाव दाखवताना खोटेपणा केला नाही. खेडं म्हणजे साधंभोळं, निर्मळ, आत्मा वगैरे, असलं काही गारंबीत नाही. गारंबी कुजबुजते. माणसाच्या आईबद्दल बोलते. कुणाला वर काढायचं, कुणाला बसवायचं हे ठरवते. तिथे पोलिसाची गरज लागत नाही. बोलणं बंद, बोलावणं बंद, समोरून आला की तोंड फिरवणं, एवढ्यावर अख्खा गाव चालतो.

बापू या गावातला गरीब ब्राह्मणाचा पोर. बाप विठोबा खोताच्या घरी राबणारा. आई येसोदा. समोर अण्णा खोत, जमिनीचा धनी आणि गावाच्या अब्रूचाही धनी. हा पोरगा मान खाली घालत नाही. राधा नावाच्या बाईबरोबर, जी गावाच्या लेखी घरात घेण्याजोगी नाही, तिच्याबरोबर तो उघड राहतो. गाव त्याला टाकतं. तो सुपारीच्या व्यवहारात पैसा उभा करतो. आणि ज्या गावाने टाकला त्या गावाला शेवटी त्याला मानावं लागतं.

गावाची सत्ता कशी चालते याचं इतकं चांगलं चित्र मराठीत फार नाही. आपण दलित वाचक ते वाचताना पानोपानी 'बरोबर, अस्संच असतं' म्हणतो. का म्हणतो? कारण हे यंत्र आपल्या अंगावरून फिरलेलं आहे. बापूवर ते एका आयुष्यात फिरलं. आपल्यावर किती पिढ्या फिरतंय याचा हिशोब नाही.

इथूनच फरकाला सुरुवात होते.

*

बापूला वाळीत टाकलं. वाळीत टाकणं म्हणजे काय? जो आत होता त्याला बाहेर काढणं. म्हणजे तो आधी आत होता. त्याची मुंज झाली. पंगतीत त्याचं पान होतं, कोपऱ्यातलं का असेना. विहिरीवर त्याच्या आईची घागर होती. देवळाची पायरी त्याच्या पायाला ओळखत होती. गावाने हे काढून घेतलं म्हणून त्याला राग आला, आणि त्या रागाची कादंबरी झाली.

आपल्यापासून काय काढून घेतलं? काही नाही. कारण दिलंच नव्हतं. आपलं घर मुळातच गावाबाहेर, वाऱ्याची दिशा बघून ठेवलेलं. आपल्याला कुणी एका संध्याकाळी सभा भरवून बाहेर काढलं नाही. आपण बाहेरच जन्मलो. बाबासाहेबांनी १९२४ साली सभा काढली तिचं नाव 'बहिष्कृत हितकारिणी'. १९२७ साली पत्र काढलं त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. शब्द उगाच निवडला नव्हता. ब्राह्मण बापूला जी शिक्षा म्हणून मिळते ती आपल्याला जन्मदाखला म्हणून मिळते.

आता कुणी म्हणेल, बापू आणि तुम्ही दोघेही गावाचे बळी, मग भांडण कशाला? भांडण नाही. पण बळीबळीत फरक असतो आणि तो नीट मोजावा लागतो. बापू वाळीत असतानासुद्धा त्याच्याकडे काही गोष्टी उरतातच. त्याच्या हाताची सुपारी विटाळत नाही. व्यापारी त्याच्याशी व्यवहार करतो. पेठेत त्याला चहा कपात मिळतो. पैसे हातावर ठेवतात, वरून टाकत नाहीत. गावाबाहेर चार कोस गेला की तो पुन्हा पुरा ब्राह्मण असतो. त्याचा बहिष्कार गारंबीच्या वेशीशी संपतो. महाराचा बहिष्कार गावागणिक त्याच्या पुढे चालत जाऊन वर्दी देत असे. म्हणून बापूला सुपारीवर उभं राहता आलं. त्याच्या हिमतीला सलाम, पण त्या हिमतीखाली जी फळी होती ती पेंडशांना दिसली नाही. जिच्यावर आपण उभे असतो ती फळी दिसत नाही. जो तिच्यावरून खाली पडलेला असतो त्याला मात्र ती चांगली दिसते.

आणि गावाचा बहिष्कार आपल्या माणसांवर वेगळ्या कामासाठी वापरला जात होता. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सभासद होते. १९३० च्या अहवालात समितीने बहिष्कार या हत्याराबद्दल मुद्दाम लिहिलं. महारांनी मेलेलं ढोर ओढायचं नाकारलं, सार्वजनिक पाण्यावर हक्क सांगितला, की काम बंद, दुकान बंद, वाट बंद. बापूला गावाने टाकलं ते त्याने रीत मोडली म्हणून. आपल्याला टाकलं ते आपण माणसासारखं वागायला गेलो म्हणून. बापूला परत यायचं असेल तर राधेला सोडलं की पुरे होतं. आपण काय सोडायचं होतं? पाणी?

*

दुसरा मुद्दा खोताचा.

कादंबरीत अण्णा खोत माणूस आहे. त्याला स्वभाव आहे, दरारा आहे, घमेंड आहे. कादंबरीकाराने माणूस रंगवायचाच असतो. पण कुळाच्या लेखी खोत स्वभावाने चांगला की वाईट हा प्रश्न दुय्यम होता. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस, जो सारा भरतो आणि कुळाकडून त्याच्या कितीतरी पट उकळतो. पिकाचा वाटा घेतो, वर वेठ घेतो. परड्यातल्या फणसावर, शाकारणीच्या पेंढ्यावर त्याची नजर. १८८० सालच्या खोती कायद्याने रत्नागिरी जिल्ह्यात हा कारभार पक्का कागदावर आला. पुढे सरकारने थोडी दुरुस्ती करायचं काढलं तेव्हा टिळकांनी 'केसरी'तून खोतांची बाजू लढवली. त्यांचं घराणं चिखलगावचं, खोतीतलं. दापोली तालुकाच.

आता हा तालुका लक्षात ठेवा. गारंबी दापोली तालुक्यातली. त्याच दापोलीत पलटणीतून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर राहिले आणि १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' हे पुस्तक काढलं. त्याच दापोलीच्या कॅम्पात रामजी सुभेदार पेन्शन घेऊन काही काळ राहिले, लहान भीमराव तिथे होते. शेजारच्या मंडणगड तालुक्यात आंबडवे. पलीकडे महाड, चवदार तळं, २० मार्च १९२७. आणि एप्रिल १९२९ मध्ये खुद्द आपल्या चिपळुणात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली शेतकऱ्यांची परिषद भरली, विषय खोती. कुणबी आणि महार एका मांडवाखाली बसले, कारण दोघांच्या मानेवर जू एकच होतं. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी मुंबईच्या असेंब्लीत खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले, त्यात कोकणचे होते. १९४९ साली कायदा झाला, १९५० पासून अंमल आला. कादंबरी १९५२ ची.

म्हणजे जिच्या आसपासच्या डोंगरांत हे सगळं झालं त्या गारंबीत खोताशी झुंज कोण देतो? एकटा बापू, आणि तीही अब्रूच्या मुद्द्यावर. कुळं कादंबरीत नसतील असं नाही, महारवाडा कडेला कुठे असेलही. पण गोष्ट तिथून सांगितली जात नाही. खोताला खाली ओढला तो हजारो माणसांच्या पायांनी. कादंबरीत ते काम एका देखण्या, तापट, एकट्या माणसाच्या हातून होतं. वाचकाला वाटतं, इतिहास असाच घडतो, एखाद्या बापूमुळे. हे वाचकाला गोड लागतं, कारण मग त्याला मोर्चात जावं लागत नाही.

आणि म्हणे खोत मेला. मेला का? मुंबई-गोवा हायवे चौपदरी करायला जमिनी गेल्या तेव्हा आपल्या शेजारी पेढे-परशुरामला मोबदला कुणाचा यावर देवस्थान, खोत आणि कुळं यांचा वाद बरीच वर्षं चालला. पिढ्यान्पिढ्या कसणारा माणूस, घर त्याचं, झाडं त्याची, आणि पैसे वाटायची वेळ आली की कागदातून जुनं नाव उठून बसतं. कोकणातल्या किती बौद्धवाड्या अशा आहेत की ज्यांच्या घराखालच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर अजून दुसऱ्याचंच नाव आहे! १ एप्रिल १९५७ ला कसेल तो मालक झाला असं पुस्तकात लिहिलेलं आहे. ज्याचं नाव कुळ म्हणून कधी लागलंच नव्हतं तो कशाचा मालक होणार? त्याच्याकडे पावती नाही. खोत पावती देत नसे. पिशवी घेऊन तहसीलला जाणाऱ्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट ही आहे. अण्णा खोत गेला. त्याचं नाव कागदात आहे, आणि कागदातला खोत म्हातारा होत नाही.

*

तिसरा मुद्दा राधा. बापूच्या बंडाची किंमत दोघांनी दिली, पण टाळ्या एकट्याला मिळतात. गाव बापूला 'फुकट गेला' म्हणतं. राधेला काय म्हणत असेल ते लिहायची गरज नाही. तरी पेंडशांनी राधेला बाहुली केलेली नाही, हे मान्य. ती कणखर आहे. बापू उभा राहतो त्यात तिचा खांदा आहे.

पण या जोडीकडे 'आजच्या' डोळ्यांनी बघा म्हणतात ना, तर बघू. वरच्या जातीचा पुरुष, खाली मानलेली बाई. गाव चिडतं, बोलतं, टाकतं, आणि काही वर्षांनी गिळतं. का गिळतं? कारण हे गावाला नवीन नाही. वरच्याने खालची ठेवली तर गाव डोळा मिटतं. बापूचा गुन्हा एवढाच की त्याने ते चोरून केलं नाही. उघड केलं, बायकोसारखं वागवलं. हा मोठा गुन्हा आहे आणि मोठं धाडसही.

आता जोडी उलटी करा. बाई वरची, पुरुष महार, मांग, मेहतर. अशी कादंबरी 'गारंबीचा बापू' झाली असती का? १ जानेवारी २०१३, सोनई, तालुका नेवासा. प्रेमप्रकरणाचा राग म्हणून तीन तरुण सफाई कामगार मारले, प्रेतं संडासाच्या टाकीत आणि विहिरीत. २८ एप्रिल २०१४, खर्डा, तालुका जामखेड. सतरा वर्षांचं पोर, अकरावी-बारावीच्या वयाचं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून मारहाण करून झाडाला टांगलं. सोनईत फाशीच्या शिक्षा झाल्या. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली सगळे आरोपी सुटले. दिवसाढवळ्या, शाळेपासून ओढत नेलेला मुलगा, आणि कुणी काही पाहिलं नाही. गारंबी कुजबुजते म्हणालो. पण गरज पडली की ती गप्पही बसते. तिचं गप्प बसणं तिच्या कुजबुजण्यापेक्षा जास्त जीव घेतं.

म्हणून आम्ही म्हणतो, बापू आजचा आहे हे अर्धं खरं. गाव आजचं आहे, हे पुरं खरं. बापूला वाळीत टाकता आलं, कारण बापूला मारता येत नव्हतं. ज्याला मारता येतं त्याला गाव वाळीत टाकत बसत नाही.

*

चौथा मुद्दा परतीचा. कादंबरीचा शेवट वाचकाला सुखावतो. टाकलेला माणूस गावाच्या डोक्यावर बसतो. न्याय झाला. पण हा न्याय कशाने झाला? पैशाने. बापूने सुपारीत पैसा केला नसता, तर त्याचं म्हणणं खरं असूनही गाव त्याच्याकडे वळलं नसतं. म्हणजे गाव बदललं नाही. गावाने नवा खोत ओळखला. हा अर्थ कादंबरीत आहे, पण कादंबरी त्याच्याशी झोंबत नाही. टाळ्यांच्या आवाजात तो बुडून जातो.

याच्याशेजारी अण्णा भाऊंचा 'फकिरा' ठेवा. १९५९. सात वर्षांचं अंतर. तोही बंडखोर, तोही गावासाठी जीव टाकणारा, दुष्काळात उपाशी माणसांसाठी धान्य लुटणारा. त्याच्या वाट्याला गावाचा मान येतो, पण सरकारच्या वहीत त्याची जातच गुन्हेगार. त्याच्या लोकांना अटकेत टाकलं जातं आणि त्यांच्यासाठी तो शरण जातो. बापू एकटा लढतो आणि जिंकतो. फकिरा सगळ्यांसाठी लढतो आणि देह ठेवतो. मराठी समीक्षेने एकाला 'व्यक्तिमत्त्वाचा विलास' म्हटलं आणि दुसऱ्याला 'भडक, रंजक' म्हणून बाजूला सारलं. भडक काय होतं? उपास की दोरखंड?

आता आजची परत. आपला माणूस मुंबईला गेला. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेत राबला. गिरणी गेली. पोरं शिकली. गणपती-शिमग्याला बाकीचे येतात तसा हाही बौद्धपौर्णिमेला, जयंतीला येतो. वाडीत स्लॅबचं घर बांधतो, विहाराला वर्गणी देतो. बापूसारखा पैसाही काहींनी केला. मग गाव त्यांच्या दाराशी आलं का? आलं. मतं मागायला आलं, वर्गणी मागायला आलं. पण घर कुठे बांधू दिलं? तिथेच, वाऱ्याच्या त्याच दिशेला. चार खोल्यांचा बंगला झाला तरी पत्ता बौद्धवाडी. बापूचा पैसा जात धुऊन काढत नाही, कारण त्याला धुवायची जरूर नव्हती. आपला पैसा जात धुऊ शकत नाही, कारण ती पैशाने लागलेली नाही.

आणि वाळीत टाकणं हा जुना जमाना असं कुणी समजू नये. १९४९ साली मुंबई राज्याने बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. म्हणजे गारंबी छापली गेली तेव्हा बापूला वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा होता. १९६२ साली सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला, धर्मसंस्थेला आपल्या माणसाला काढायचा हक्क आहे म्हणून. त्यानंतर अर्धं शतक काही नव्हतं. रायगड-रत्नागिरीतल्या गावक्यांची प्रकरणं पेपरात इतकी आली की शेवटी महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा करावा लागला, जुलै २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. मोबाईल आला, कोकण रेल्वे आली, आणि मग वाळीत टाकू नका हे सांगणारा कायदा आला. गारंबी किती आजची आहे ते यावरून समजा.

यात एक गोष्ट आपल्याला टोचणारी आहे, ती लपवून चालणार नाही. आज गावकीत बसून दंड ठोकणारा कोण आहे? अण्णा खोत नाही. त्याचा वाडा पडला, नातवंडं पुण्यात नाहीतर परदेशात. आज त्या जागेवर बऱ्याच ठिकाणी कालचं कूळ बसलेलं आहे. ज्याच्या आज्याने आपल्या आज्याबरोबर चिपळूणच्या परिषदेत १९२९ साली मांडी घातली, तोच आज पालखीची वाट बौद्धवाडीकडून नेऊ देत नाही, पाण्याच्या योजनेचा नळ शेवटी आपल्याकडे वळवतो. खोताची खुर्ची मोडली आणि तिच्या फळ्या सगळ्यांनी घरी नेल्या. हे पेंडशांच्या कादंबरीत नाही. पण हे आपल्याही लिखाणात कुठे आहे? आपण अजून खोतालाच शिव्या घालतो, कारण तो मेलेला आहे आणि मेलेल्याची भीती नसते.

*

कोकणच्या कादंबरीत एक सूर नेहमी असतो, गाव ओस पडल्याचा. गो. नी. दांडेकरांची 'पडघवली' १९५५ ची. उतरत चाललेलं गाव, ओस पडणारी घरं, मागे राहिलेल्या बाईचं दुःख. ते दुःख खोटं नाही. पण ज्याची ओटी होती त्याची ओटी ओस पडते. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत खेड्याबद्दल काय म्हटलं ते सर्वांना ठाऊक आहे. अज्ञान आणि संकुचितपणाचं कोठार म्हणाले. लोकांना ते फार लागलं. गारंबीचा लेखक त्यांच्याशी सहमत झाला नसता कदाचित, पण त्याची कादंबरी सहमत आहे. बाबासाहेबांच्या वाक्याला इतका चांगला पुरावा सवर्ण मराठी साहित्याने दुसरा दिलेला नाही.

आणि आपल्याच तालुक्याने दिलेला आणखी एक पुरावा आहे, तो विसरू नये. मिरजोळीच्या हमीद दलवाईंची 'इंधन', १९६५. बऱ्याच वर्षांनी आजारी होऊन गावी परतलेला मुसलमान सुधारक, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पेटत जाणारं गाव. इथेही परत येणं आहे. पण इथे परतणाऱ्याच्या हातात पैसा नाही, डोक्यावर बसणं नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की शेजार म्हणून आपण ज्याला म्हणत होतो ते किती वाळलेलं लाकूड होतं. कोकणातलं गाव समजून घ्यायचं तर गारंबीच्या शेजारी 'इंधन' वाचली पाहिजे. नि दोन्हींच्या शेजारी ऊर्मिला पवारांचं 'आयदान' (२००३), ज्यात डोक्यावर भारे घेऊन बाजाराची वाट तुडवणाऱ्या बाया आहेत. बापू ज्या कोकणच्या पायवाटांवरून ताठ चालतो, त्या वाटेवर त्या वाकून चालत होत्या. वाट तीच.

यालाच आम्ही प्रादेशिक कादंबरीचा प्रश्न म्हणतो. प्रदेश कुणाचा? इथे परशुरामाने बाण मारून समुद्र हटवला आणि जमीन काढली असं सांगतात. २०१३ साली चिपळूणला साहित्य संमेलन भरलं तेव्हा त्या परशूवरून वादही झाला. ज्याला जमीन हवी त्याला गोष्ट हवी असते. पण खाजणाला बांध घालताना चिखलात कंबरभर कोण उभं होतं, आगराला पाणी कुणी शिंपलं, सुपारीची पोती कुणी वाहिली, ही गोष्ट कुठल्या पुराणात नाही, आणि गारंबीतही तिला पान मिळालेलं नाही.

*

मग काय करायचं? गारंबी जाळायची? मुळीच नाही. ती मुलांच्या हातात द्यायची आणि प्रश्नांसकट द्यायची. बापू घरातून निघाला तेव्हा त्याला खोली कुणी दिली आणि तुझ्या बापाला चिपळुणात खोली बघताना आडनाव कुणी विचारलं? बापूची सुपारी व्यापाऱ्याने घेतली, तुझ्या आईच्या हातचं काय काय घेतलं गेलं नाही? अण्णा खोताचा वाडा कुणी बांधला? विठोबाची गरिबी लेखकाला दिसली, विठोबाच्या खाली कोण होतं? एवढे चार प्रश्न घेऊन कादंबरी वाचली की ती लहान होत नाही. उलट तिचं कुंपण दिसतं, आणि कुंपणापलीकडची जमीन दिसते.

ती जमीन आपली आहे आणि ती पडीक आहे. बौद्धवाडीतून बघितलेली गारंबी अजून कादंबरीत आलेली नाही. कोकणातल्या आपल्या लोकांची कविता आली, आत्मकथन आलं. खोतीविरुद्ध पायी गेलेली माणसं, चिपळूणच्या परिषदेला भाकरी बांधून आलेली कुणब्याची आणि महाराची पोरं, नंतर एकमेकांकडे पाठ करून बसलेली त्यांची नातवंडं, यांची कादंबरी कुठे आहे? तिच्यात एक बापू नसेल. तिच्यात शंभर माणसं असतील आणि त्यांतली काही आपल्याला न आवडणारी, आपल्याच घरातली असतील. ती लिहिताना पेंडशांकडून एक गोष्ट मात्र उघड घ्यावी, गावाचा कान. कोण कुणाशी कशा आवाजात बोलतो हे त्यांनी जसं टिपलं तसं आपल्याला टिपावं लागेल. रागाने पहिलं पान लिहून होतं. पुढच्या तीनशे पानांना कान लागतो.

ज्यांच्या घरात अजून ऐंशी-नव्वदीची माणसं आहेत त्यांनी आधी जाऊन त्यांच्याजवळ बसावं. खोताला काय काय द्यावं लागे, वेठीला कुठे जावं लागे, नाही म्हटलं तेव्हा काय झालं, हे नावागावासकट लिहून घ्यावं. सातबारा काढावा, त्यावर कुणाचं नाव आहे ते बघावं. जे हाती लागेल ते या अंकाकडे पाठवावं, शुद्धलेखनाची चिंता करू नये. आमच्याकडे कागद थोडे आहेत, पण त्यासाठी जागा काढू.